दोन स्ट्राईक होईपर्यंत

हर्णै

चि. बाबू यास आईचे अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला बेसबॉल मॅचचा व्हिडिओ शाळेतल्या कॉम्प्युटरवर नीट थांबवून थांबवून पाहिला. बाबांचं म्हणणं, पोराचा हात वेगात फिरत नाही. मला नाही पटलं. हात झकास फिरतोय. पण बॉक्समध्ये उभा राहतोस तेव्हा कुठला बॉल मारायचा हे तुझं ठरलेलंच नसतं. येईल तो बघू, बरा वाटला तर मारू, असा कारभार आहे. टेनिस बॉलला तेवढं पुरतं रे. इथे नाही पुरत.

बॉल टाकणारा पिचर ते तू उभा राहतोस ती होम प्लेट, हे अंतर 18.44 मीटर. ताशी 145 किलोमीटरचा फास्टबॉल ते सुमारे 0.4 सेकंदात कापतो, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ नुसती बॅट फिरण्यात जातो. तुमच्याकडचे पिचर हळू टाकत असतील, तरी अर्ध्या सेकंदाच्या आसपासचाच मामला. तेवढ्यात बॉल बघून, ओळखून, मग विचार करून मारणारा अजून जन्मायचाय. विचार आधी उरकायचा. बॉल हातातून सुटला की फक्त हो किंवा नाही.

शिवाय एक खोड तुझ्यात मुरलीय ती आपल्या पुळणीवरची. इथे यॉर्कर खणून काढणारा तो शहाणा. म्हणून गुडघ्याखाली बॉल दिसला की तुझी बॅट आपोआप खाली जाते. बॅट फिरवून बॉल हुकला की स्ट्राईक, तीन झाले की आउट; व्हिडिओतले तुझे निम्मे स्ट्राईक तसलेच आहेत. अरे मेल्या, मागे स्टंप नाहीत! तो सोडलास तर तुझ्या खात्यात एक ‘बॉल’ जमा होतो, आणि असे चार झाले की वॉक, आयता पहिल्या बेसवर. तसाच तो यष्टीमागे सरकवायचा तुझा लाडका फटका. तिथे चौकार मिळायचा, इथे तो रेषेबाहेरचा, फाउल, म्हणजे वर एक स्ट्राईक. शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवताना पहिला महिना मी हेच सोडवत असते. शिकवण्यापेक्षा सोडवणं जड जातं.

आता काउंटचं, म्हणजे आधी बॉल किती, मग स्ट्राईक किती त्याचं. आपल्या बंदरावरच्या लिलावात आजी कशी उभी राहायची, आठव. सुरमई घ्यायचं ठरवून आली की बांगड्याच्या टोपलीकडे ढुंकून बघायची नाही. बाजार उठायला आला की मात्र मिळेल ते पदरात पाडून घ्यायची. तू तस्साच वाग. 0-0, 1-0, 2-0, 3-1 या काउंटला एकच बॉल, एकच जागा. तुझ्यासाठी ती जागा म्हणजे कमरेच्या उंचीला, प्लेटच्या आतल्या बाजूला आलेला फास्टबॉल. दुसरं काही आलं तर जाऊ दे, अंपायरने स्ट्राईक दिला तरी जाऊ दे. तीन बॉल, एक स्ट्राईक असताना पिचरला वॉक द्यायचा नसतो, आणि तुमच्या पातळीवरच्या बहुतेकांना कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, हवा तिथे पाडता येत नाही. तो फास्टबॉलच टाकणार. तिथे ‘कर्व्ह आला तर?’ म्हणून अर्धवट थांबलास की हातचा गेला.

दोन स्ट्राईक झाले की माणूस बदलायचा. हात बॅटवर बोटभर वर घे, बॉल जरा उशिरापर्यंत येऊ दे, बाहेरचा आला तर ओढू नकोस, उजवीकडे ढकल. संशयाचा बॉल फाउल करून टाक. त्या वेळी जमिनीवर पडलेल्या फाउलने आउट होत नाही, फक्त बंट, म्हणजे बॅट न फिरवता नुसती बॉलला लावणं, तेवढं करायचं नाही. पिचरला असे चार-पाच बॉल जास्त टाकायला लावलेस तर तू आउट झालास तरी पुढच्याचं काम हलकं होतं. स्कोअरबुकात हे कुठे दिसत नाही, पण तुझ्या कोचला दिसत असणार.

अमेरिकेतल्या टेड विल्यम्सची 1941 सालची .406 सरासरी, म्हणजे हजारी 406 हिट, सगळे सांगतात. त्याच मोसमात त्याने 147 वॉक घेतले आणि स्ट्राईकआउट झाला फक्त 27 वेळा, हे मला जास्त मोलाचं वाटतं. सोडायचं कळत होतं म्हणून मारायला चांगलं मिळत होतं. तिथलाच दुसरा बॅटर टोनी ग्विन, त्याची तऱ्हा वेगळी. तो वॉकची वाट बघत बसणारा नव्हता, पण स्वतःच्या बॅटिंगचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा. वीस मोसमांत अवघे 434 स्ट्राईकआउट, सरासरी .338. तुझा पिंड मला ग्विनकडचा वाटतो. ताकद बेताची, नजर चांगली. उगीच होमरनच्या नादाला लागू नकोस.

नो आउट आणि दुसऱ्या बेसवर रनर असेल तर बॉल उजव्या बाजूला जायला हवा, हे तुला सांगायला नको. सांगायचंय ते डगआउटमधलं. तू आउट होऊन आलास की टोपी तोंडावर ओढून बसतोस. त्या वेळात पिचर पहिला बॉल काय टाकतो, मागे पडला की काय टाकतो, अंपायर खालच्या बॉलला स्ट्राईक देतो की नाही, हे सगळं फुकट दिसत असतं. क्रिकेटमध्ये आउट झालास की डाव संपला, म्हणून रुसायला वेळ असतो. इथे तासाभरात परत तुझीच पाळी. विल्यम्ससुद्धा त्या मोसमात वॉक वगैरे सोडून 456 पाळ्यांपैकी 185 वेळाच हिट करू शकला.

आणि प्रत्येक बॉलनंतर एक पाय बॉक्सबाहेर काढ, श्वास पूर्ण सोड, काउंट मनाशी म्हण, काय शोधतोयस ते म्हण, मगच आत ये. अंपायर घाई करेल इतका वेळ मात्र लावू नकोस.

पुढच्या मॅचनंतर व्हिडिओ नको. वहीत प्रत्येक पाळीचे बॉल लिही: काउंट काय होता, तू काय शोधत होतास, आलं काय. त्या पानांचे फोटो पाठव. ‘काय शोधत होतो’ हा रकाना कोरा ठेवलास तर फोन करून विचारीन.

आंबापोळी आणि कोकम आगळ एसटीने पाठवलंय, स्वारगेटला जाऊन घे. आगळाची बाटली आडवी ठेवू नकोस, बूच सैल आहे.

तुझी,
आई