दप्तराची चेन लावणाऱ्या टीचरना

टीचर,

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हालाच ते रुचणार नाही, आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीत एक नाव कळलं की दुसरं कळायला वेळ लागत नाही.

वडील गेल्यापासून माझा मुलगा रात्र-रात्र जागा असायचा. मित्राने दिलेल्या गांजाच्या झुरक्यांनी डोळा लागला, एवढंच त्याला कळलं. पुढे शाळेत बभ्रा झाला. एका सरांनी भर वर्गात त्याचं दप्तर पालथं केलं, दुसऱ्यांनी मला "दाखला घेऊन जा" म्हणून सुनावलं. घरी मामा खिसे चाचपायचा. आणि २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, त्याच शाळेने कवटीचं चित्र लावून मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेतली. माझ्या मुलानेही म्हटली, चांगली खणखणीत.

समुपदेशनासाठी तुमच्यासमोर बसताना त्याने सवयीने दप्तर टेबलावर ठेवलं आणि चेन उघडली. तुम्ही ती लावलीत, दप्तर त्याच्या पायाशी ठेवलंत आणि विचारलंत, "राती न्हीद येता रे तुका?"

हे त्याने मला किती वेळा सांगितलंय! बाकीचं गाळतो, चेनचं गाळत नाही. वडील गेल्यापासून कुणासमोर न रडलेला पोर त्या दिवशी तुमच्यासमोर रडला.

पुढचे उपचार बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी केले, त्यांचेही उपकार आहेतच. पण गांजाची झोप उसनी असते, आणि घरात कुणाला मोठा मनोविकार असेल तर अशा कोवळ्या वयात गांजाने भ्रम होण्याचा धोका वाढतो, हे मला तुम्ही समजावलंत. माझ्या दिरांच्या आजारपणाची चौकशी का केलीत, ते तेव्हा उमगलं. आधी झोपेचं आणि दुःखाचं बघू, म्हणालात. त्याला 'गंजेडी' एकदाही म्हणाला नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्यात. आमच्याकडे मात्र अजून आधी अब्रू, मग डॉक्टर. साधी माणुसकी दाखवायला पदवी लागत नाही हो, पण ती दाखवणारं माणूस नेमकं वेळेवर भेटावं लागतं.

मुलगा आता झोपतो. कधीकधी नाही झोपत, तेव्हा मला उठवतो.

तुम्हाला बसायला प्रयोगशाळेतल्या कपाटामागची जागा दिलीय, येणारा-जाणारा सगळं ऐकतो. पालक-शिक्षक संघाच्या सभेत यंदा मी बोलणार आहे. शपथेचा मंडप नको, तुम्हाला दार असलेली खोली द्या म्हणून.

तुमच्या एका विद्यार्थ्याची आई