दिवसाला किती किलोमीटर, या प्रश्नाने रस्ते बिघडतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत खडी-मुरमाच्या रस्त्यांविषयीच्या तक्रारी नेहमी येतात आणि त्या रास्तच असतात. मात्र बहुतेक पत्रांचा शेवट एकाच मागणीने होतो, ती म्हणजे रस्त्यावर नवा मुरूम टाका. माझी उमेदीची वर्षे ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब पात्याने रस्ता कापून-पसरून सारखा करणारे यंत्र, चालवण्यात आणि पुढे ग्रेडरच्या कामांवर देखरेख करण्यात गेली. त्या अनुभवावरून मला नम्रपणे पण ठामपणे सांगावेसे वाटते की, बिघडलेल्या रस्त्याला बहुतेक वेळा नव्या मालाआधी त्याचा गेलेला आकार परत मिळायला हवा असतो. तो आकार देणारे यंत्र ग्रेडर, आणि हे यंत्र चालकाला किती सावकाश चालवू दिले जाते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ग्रेडरच्या कामाचे मोजमाप ‘आज किती किलोमीटर झाले’ एवढ्याच प्रश्नाने होत राहिले, तर कितीही ट्रक मुरूम ओतला तरी रस्ता पुन्हा होता तसाच होईल.

आकार म्हणजे काय, ते आधी सांगतो. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग पाणी शोषत नाही, म्हणून त्याला मध्यापासून कडांकडे साधारण २ टक्के आडवा उतार पुरतो. खडीच्या रस्त्याला मात्र सुमारे ४ टक्के उतार लागतो. रस्ता ६ मीटर रुंद असेल, तर त्याचा मध्य कडेपेक्षा १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडा अधिक उंच असला पाहिजे. नुसत्या नजरेने हा फरक कळत नाही. रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत दोरी ताणावी, पाणसळ लावून ती आडवी धरावी आणि कडेला दोरीखाली किती अंतर राहते ते मोजावे. दोन माणसांचे पाच मिनिटांचे काम आहे. मी ज्या ज्या ‘खराब’ रस्त्यावर हे माप घेतले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते चार-पाच सेंटिमीटरच भरले, आणि काही ठिकाणी तर मध्यच कडेपेक्षा खाली गेलेला होता. अशा रस्त्यावर पडलेले पाणी जायचे कुठे? ते तिथेच मुरते, खालची माती मऊ होते, चाके रुततात, चाकोरी पडते आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या चाकोरीतूनच वाहते. खालची जमीन कोरडी ठेवा, म्हणजे ती भार पेलते, हे रस्तेबांधणीतला जुना जाणकार जॉन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आग्रहाने मांडले होते आणि त्याची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी होती. त्यानंतर यंत्रे पुष्कळ बदलली, पण मातीचा आणि पाण्याचा स्वभाव काही बदललेला नाही.

उतार नीट असूनही रस्ता वाहून जातो, असेही पुष्कळदा दिसते. तिथे कडेला उभे राहून खाली पाहावे. चाकांनी उडालेला आणि पात्याने बेफिकिरीने बाहेर लोटलेला माल रस्त्याच्या कडेला साचत जातो, त्यावर गवत उगवते, गवताच्या मुळांत आणखी माती अडकते आणि पाहता पाहता वीतभर उंचीचा बांध तयार होतो. मग रस्त्यावरचे पाणी चरात उतरू शकत नाही. ते बांधाच्या आतून, रस्त्याच्याच अंगावरून वाहत जाते आणि उतारावर त्याची घळ पडते. ऐन पावसात शेजारचा चर जवळजवळ कोरडा आणि रस्त्यावर मात्र ओढा, हे दृश्य मी किती वेळा पाहिले असेल, त्याची गणती नाही. हा बांध पात्याने कापावा लागतो, गवताची ढेकळे फोडावी लागतात, त्यात अडकलेली चांगली खडी रस्त्यावर परत आणावी लागते आणि मोऱ्यांची तोंडे मोकळी करावी लागतात. हे काम संथ आणि किचकट आहे, आणि दिवसाच्या हिशेबात त्याचे किलोमीटर फारसे भरत नाहीत. नेमके म्हणूनच ते टाळले जाते.

आता वाचकांच्या सर्वांत मोठ्या तक्रारीकडे, म्हणजे रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या उठणाऱ्या लाटांकडे वळतो. या लाटा जड वाहनांमुळे किंवा गाड्यांच्या स्प्रिंगांमुळे पडतात, असा सार्वत्रिक समज आहे. ताबरले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूच्या गोल वाटेवरून एक चाक फिरवले. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहिली आणि त्या वेगाच्या वर लाटा उमटू लागल्या. चाकाला स्प्रिंग नसली तरीही उमटल्या. त्याच मालिकेतल्या २००९ च्या प्रयोगांत त्यांनी चाकाऐवजी एक साधे तिरके पातेही ओढून पाहिले, आणि पात्यानेही लाटा पडल्या. हे वाचल्यावर मला जुन्या चालकांचे बोलणे आठवले. ग्रेडर उधळला की तो स्वतःच लाटा पेरतो, असे ते सांगत असत.

लाटा काढण्याची रीत एकच आहे. लाटेचा खळगा जिथे संपतो, तिथपर्यंत किंवा त्याहून थोडे खोल कापायचे, गरज पडल्यास आधी दातऱ्याने पृष्ठभाग उकरायचा, सुटलेला सगळा माल एकजीव करायचा, पुन्हा पसरायचा आणि ओला असतानाच दाबायचा. प्रत्यक्षात होते ते असे की, लाटांचे माथे तेवढे खरवडले जातात आणि निघालेला माल खळग्यांत भरला जातो. संध्याकाळी रस्ता सुरेख सपाट दिसतो. त्या सपाट रस्त्यावर गुडघे टेकून एक लांब खिळा हाताने दाबून पाहावा. जुन्या माथ्यावर तो शिरत नाही आणि दोन वितींवरच्या जुन्या खळग्यात बोटभर सहज आत जातो. टणक, मऊ, टणक, मऊ अशी ती रांग डोळ्यांना दिसत नसली तरी जागेवरच असते. चाके मऊ जागेतला माल आठवड्याभरात उडवून लावतात आणि लाटा जिथल्या तिथे परत येतात. खड्ड्यांचेही तेच. खड्ड्यात सुटा मुरूम टाकणे म्हणजे पुढच्या वाहनाला तो उडवायला देणे. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर कापून नव्याने बसवला, तरच तो भरला असे म्हणता येईल.

हे सारे करताना ग्रेडरचा वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर असावा लागतो, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतका किंवा थोडा अधिक. त्याहून वेग वाढला की रबरी टायरांवर उभे असलेले ते लांबलचक धूड डोलू लागते, पाते वरखाली होते आणि कापल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर त्याचीच नक्षी उमटते. शिवाय एका लांबीवर एकदाच जाऊन भागत नाही. कडेकडून माल मध्याकडे आणणे, तो मिसळणे, परत पसरणे आणि शेवटचा हात फिरवणे, अशा अनेक फेऱ्या लागतात. मी देखरेखीला होतो त्या एका कामावर रोजच्या तक्त्यात चालकाच्या नावापुढे एकच रकाना होता आणि त्यात किलोमीटर लिहायचे होते. तिथला एक अनुभवी चालक बांध कापून, खळग्यांच्या तळापर्यंत जाऊन, नीट उतार देत काम करी. त्याचा आकडा सर्वांत लहान असे आणि महिनाअखेरीस बोलणीही त्यालाच खावी लागत. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या रस्त्यावर दोन आठवड्यांत लाटा परत येत आणि यंत्र पुन्हा तिथेच पाठवावे लागे. त्या फेऱ्याही त्याच्याच नावावर नवे किलोमीटर म्हणून चढत. मी ही गोष्ट लेखी कळवली, दोनदा कळवली, पण रकाना बदलला नाही. याची मला आजही खंत वाटते.

चालकाच्या हातातल्या कसबाविषयी फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून दोन शब्द. पाते रस्त्याच्या आडव्या रेषेपासून साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात तिरपे धरले की माल पात्यापुढे गुंडाळत, उलथापालथ होत बाजूला सरकतो आणि त्यातच खडी, वाळू व माती एकमेकांत मिसळतात. कोन कमी ठेवला, तर माल नुसता पुढे ढकलला जातो आणि दुसऱ्या टोकाकडूनही सांडतो. पाते मागे फार कलते ठेवले की ते कापते चांगले, पण माल नीट मिसळत नाही. हलक्या देखभालीसाठी त्याचा वरचा काठ पुढे झुकवावा लागतो. पुढची चाके माल सरकतो त्या बाजूला किंचित कलवली म्हणजे यंत्र बाजूला ओढले जात नाही. यांपेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पात्याची धार. ती मध्यभागी अधिक झिजते. पात्याखाली एक सरळ फळी लावून मागून पाहावे. मध्ये उजेडाची फट दिसली, तर ते पाते रस्त्याला सरळ उतार देऊच शकणार नाही. त्याने केलेल्या रस्त्याचा मध्य सपाट आणि कडा भलत्याच उतरत्या होतात. मग सगळी वाहने मध्यातून धावतात आणि खड्डेही तिथेच पडतात. धारेची पट्टी बदलण्याचा खर्च वाचवून रस्ता बिघडवणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

वेळ आणि ओल यांचा विचार तर अगदीच होत नाही. कोरड्या रस्त्यावर ग्रेडर फिरवला की मागे धुरळ्याचा लोट उठतो आणि पाहणाऱ्याला वाटते की जोरात काम चालले आहे. पण तो धुरळा म्हणजे त्या रस्त्याचा बांधणारा अंशच आहे. खडीच्या वरच्या थरात साधारण ८ ते १५ टक्के बारीक, थोडा चिकणा माल लागतो. तो खडीला खडी धरून ठेवतो. तो उडून गेला की उरलेली खडी सुटी होते, कडेला फेकली जाते, आणि लाटा पडायला अशीच कोरडी, सुटी जागा लागते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर रस्ता निथळला, पण वाळला नाही, अशा दोन-तीन दिवसांत पाते लावावे. उकरलेला माल मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा टिकला आणि तळहात ओलाचिंब झाला नाही, की ओल योग्य समजावी. पाऊस नसेल, तर टँकरने पाणी मारून हीच ओल आणावी लागते. अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याने १८९६ च्या सुमारास आपल्या शेतापुढच्या चिखलवाटेवर पावसानंतर लाकडाची साधी ओढणी घोड्यांकरवी फिरवायला सुरुवात केली आणि ती वाट शेजारच्या वाटांपेक्षा चांगली राहू लागली. पुढे ही ओढणी त्याच्याच नावाने ओळखली गेली. त्याच्यापाशी आजच्यासारखे यंत्र नव्हते. पाऊस ओसरल्यावरची ती वेळ मात्र तो चुकवत नसे.

नवा माल कधीच लागत नाही, असे माझे म्हणणे नाही. वरचा थर झिजून खालचे डबर उघडे पडले असेल, तर माल टाकावाच लागतो, पण आकार दिल्यानंतर आणि नीट पारखून. नदीतले गोलगोट दगड एकमेकांत अडकत नाहीत. फोडलेल्या खडीच्या कडा अडकतात. माती जास्त झाली तर पावसात चिखल आणि उन्हात फुफाटा, कमी झाली तर सुटी खडी. पसरलेला माल ओला असतानाच रोलरने दाबला पाहिजे, वाहने जाऊन जाऊन आपोआप दबेल या भरवशावर सोडता कामा नये. वळणावर दोन्ही बाजूंना उतार न देता बाहेरची कड उंच ठेवावी, आणि डांबरी रस्ता मिळतो तिथे मधली उंची हळूहळू संपवावी. दिवस मावळताना रस्त्यात मालाची लांब ओळ तशीच सोडून यंत्र घेऊन जाणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, कारण रात्री दुचाकीस्वाराला ती दिसत नाही.

माझी विनंती देखभालीचे तक्ते आखणाऱ्यांना आहे आणि रस्त्याची मागणी करणाऱ्या वाचकांनाही. तक्त्यात किलोमीटरचा रकाना असू द्या, पण त्याच्या शेजारी आणखी चार रकाने आखा: तीन ठिकाणी मोजलेला आडवा उतार, कापाची खोली, कामाच्या वेळची ओल, आणि रोलर फिरवला की नाही. एखाद्या लांबीवर यंत्र किती दिवसांनी पुन्हा पाठवावे लागले, हेही नोंदवा, म्हणजे सावकाश काम करणाऱ्या चालकाचा खरा हिशेब कागदावर येईल. पाऊस पडून गेल्यावर ग्रेडर कुठे जाणार हे महिनाभर आधी ठरलेल्या क्रमाने ठरवू नका, कुठल्या रस्त्यावर ओल आहे ते पाहून ठरवा. आणि वाचकांनी पुढच्या वेळी तक्रार लिहिण्यापूर्वी दोरी आणि पाणसळ घेऊन आपल्या रस्त्याचा उतार मोजावा, आणि ते माप तक्रारीत लिहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रेडरचालक