बिनवारशाचं वावर धुरेकऱ्यांच्या हवाली नको

मा. संपादक, स.न.

आमच्या गावातली एक म्हातारी गेल्या उन्हाळ्यात वारली. नवरा आधीच गेलेला, पोटी मूलबाळ नाही. मोहल्ल्यातल्या पोरांनी खांदा दिला, तेरवी गावाने वर्गणीतून केली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली. सातबाऱ्यावर मात्र ती अजून जिवंत आहे.

मृग लागला तसा एका बाजूच्या धुरेकऱ्याने, म्हणजे धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्याने, तिच्या अडीच एकरांत वखर घातला, दुसऱ्याने तुरीची चार तासं आत सरकवली. तिच्या दोन बकऱ्या कोणी नेल्या, हे आज कोणी सांगत नाही. मी तलाठी कार्यालयात दोनदा गेलो. 'वारसाचा अर्ज आणा' एवढंच उत्तर मिळालं. वारस माहीत नाही हीच तर अडचण. मग अर्ज करायचा कोणी?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३४ मध्ये याची वाट सांगितली आहे. खातेदार मृत्युपत्र न करता वारला आणि वारस माहीत नसले, तर जमीन जिल्हाधिकाऱ्यांनी ताब्यात घ्यायची. ती एकेका वर्षासाठी मक्त्याने देता येते. ताबा घेतल्यापासून ३ वर्षांत कोणी हक्क सांगत आला, तर चौकशी करून त्याला परत देता येते. कोणीच आलं नाही, तर लिलाव. त्यानंतरही ज्याने हक्क शाबीत केला, त्याला खर्च आणि सरकारी देणं वजा जाता पैसे मिळतात. इतकी काळजी कायद्याने घेतली आहे. पण आमच्या गावात पहिला कागदच हलला नाही.

'बिनवारशी' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे निपुत्रिक बाईला नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईबापाकडून आलेली वडिलांच्या वारसांकडे. कुठलाच वारस नसेल तरच सरकारकडे, तीही कर्जासकट. आमच्या म्हातारीचं वावर सासऱ्याचं. तिचा चुलत दीर फार वर्षांपूर्वी भिलाईला कामाला गेला, असं जुनी माणसं सांगतात. त्याची पोरं असतील. जुने फेरफार काढले, तर निदान नाव तरी सापडेल.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं सातबाऱ्यावर लावणारी, २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम मनापासून आवडली. मात्र तिचा लाभ वारस समोर असलेल्या घरांनाच झाला. माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीतली मृत्यूची नोंद तलाठ्याकडे आपोआप जावी. खातेदाराचा वारस कोणी सांगू शकत नसेल, तर पोलीस पाटलासमोर घराचा, वावराचा, पासबुकाचा पंचनामा व्हावा आणि जाहीर नोटीस चावडीवर, तशीच खातेदार बाई असेल तर तिच्या माहेरगावीही लागावी.

आमच्या म्हातारीच्या वावराचा पंचनामा येत्या मृगाआधी व्हावा. धुऱ्याचे दगड अजून जागेवर आहेत.

— एक कास्तकार, जि. यवतमाळ