३१ डिसेंबरच्या दिनविशेषात ग्लेन सिनेमा पण येऊ द्या

मा. संपादक,
स.न.

तुमचं दिनविशेष मी रोज वाचते. ३१ डिसेंबरला त्यात स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या ग्लेन सिनेमा या थिएटरातल्या दुर्घटनेबद्दल दोन ओळी तरी याव्यात म्हणून हे पत्र. पेझली म्हणजे ग्लासगोजवळचं, एकेकाळचं गिरण्यांचं गाव, कोयरीच्या शालींसाठी प्रसिद्ध असलेलं.

१९२९ चा ३१ डिसेंबर, तिकडे वर्षअखेरीचा सण मोठा, घरोघरी साफसफाई चाललेली, त्यामुळे पोरांना दुपारच्या स्वस्तातल्या शोला पाठवलेलं, मोठ्या भावंडांनी धाकट्यांना हाताला धरून नेलेलं. आत जवळजवळ हजार मुलं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. नुकतंच दाखवून झालेलं एक रीळ पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं, त्यातून काळा धूर यायला लागला आणि बघता बघता हॉलभर पसरला. आग म्हणावी अशी आग थिएटरला लागलीच नाही हो! पण मुलं घाबरून जिन्याने खाली पळाली, आणि खाली जे दार होतं ते आतल्या बाजूला उघडणारं, शिवाय त्याला जाळीचं सरकतं गेट, तेही बंद, आपल्या दुकानांना असतं तसलं. पुढच्यांना मागे सरकता येईना, मागच्यांना पुढचं दिसेना, पोरं एकमेकांवर पडत गेली. ७१ मुलं गेली, बहुतेक चेंगरून आणि गुदमरून.

मॅनेजरवर खटला झाला, तो निर्दोष सुटला. नंतर कायद्यात बदल झाले, जास्त दारं हवीत, ती बाहेरच्या बाजूला आणि ढकलली की उघडणारी हवीत, वगैरे. हे सगळं आधीच करता आलं असतं ना? आणि आपल्याकडे १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली, ती धुराने गुदमरून, बाहेर पडायची वाट न मिळाल्याने, म्हणजे अडुसष्ट वर्षांनी परत तेच.

मागे नातीच्या गॅदरिंगला गेले होते, तर हॉलच्या बाजूच्या दाराला कुलूप आणि त्याच्यासमोर फोल्डिंगच्या खुर्च्यांची थप्पी. विचारलं तर म्हणे, फुकटे आत घुसतात म्हणून. आत चिमुरडी पोरं नाचत होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेव्हा त्या दोन ओळी नक्की छापा, आणि जागा असली तर शेजारीच हेही छापा की गॅदरिंगसाठी हॉल बुक करताना ॲडव्हान्स द्यायच्या आधी बाजूची सगळी दारं उघडून दाखवायला सांगा.

आपली,
एक आजी, सांगली