बिनपगारी विश्वस्तांना मदत हवी

महोदय,

एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेला बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचा मराठी बोलणारा ज्यू समाज १९४८ नंतरच्या स्थलांतरामुळे आता काही हजारांवर आला आहे. कोकणात, ठाण्या-मुंबईत मागे राहिलेल्या आजी-आजोबांची मुले बहुधा इस्रायलमध्ये. त्यामुळे त्यांच्या सांभाळाचा मोठा भार समाजाच्या संस्थांवर, म्हणजे पर्यायाने बिनपगारी विश्वस्तांवर पडतो. औषधे, देणग्या, शब्बाथची (शनिवारच्या पवित्र विश्रांतीदिनाची) तयारी हे आहेच. गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा झाला नाही, तर आजी रुसतात (आणि त्यांचे बरोबरच आहे!). वर हिशेबतपासणी. एखादा विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हे सगळे नोकरी-धंदा सांभाळून, आणि हे विश्वस्तही आता साठीपुढचे.

राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण त्या कागदाने कुणाचा रक्तदाब तपासला जात नाही. निवृत्त परिचारिका, बँक कर्मचारी, हिशेबनीस यांनी धर्म न पाहता आठवड्यातले दोन तास द्यावेत. मंडळावर पद मात्र मागू नये. संस्थांचा कारभार त्या समाजालाच करू द्यावा.

– एक वाचक, ठाणे