सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र : रत्नागिरीत एक कोरडी खोली द्या

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या जुन्या रिळांमधून नवा सिनेमा जुळवणाऱ्याला कॅमेऱ्यावाचून भागते, रिळावाचून नाही. आणि कोकणातली रिळे दर पावसाळ्यात थोडी थोडी मरतात. आधी ती ठेवायला एक कोरडी, थंड खोली द्या, अनुदानाचे नंतर बघू.

चाकरमान्यांनी गणपती-शिमग्याला काढलेली सुपर ८ रिळे (घरगुती चित्रणाची ८ मिमी फिल्म), आखातातून आलेल्या कॅमेऱ्यांच्या व्हीएचएस कॅसेटी अजून पोटमाळ्यांवर आहेत. सुपर ८ चे 50 फुटी रीळ सेकंदाला 18 चौकटींच्या वेगाने जेमतेम 3 मिनिटे 20 सेकंद चालते. फिल्म बहुधा अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची. उष्मा आणि ओल लागली की तिच्यातून आम्ल सुटते. डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ते आम्ल कोंडते आणि कुजणे आणखी वाढते. लोक नेमके तेच करतात, काळजीपोटी. फिल्म 1 टक्क्याच्या आसपास आकसली की कडेची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत, फाटतात. ‘एकदा लावून बघू’ म्हणून लावलेले रीळ तिथेच संपते. म्हणून रिळाची डिजिटल प्रत काढायला दाते नसलेला स्कॅनर हवा.

बुरशीचे वेगळेच. ती फिल्मवरचे, चित्र धरून ठेवणारे जिलेटिन खाते, उरलेले पाण्यात विरघळू लागते. ओले फडके फिरवले की चित्रच फडक्यावर येते. आधी रीळ कोरडे करायचे, मग मऊ ब्रशने झटकायचे, पाणी अजिबात नाही.

कुजलेली फिल्मही सुंदर दिसते, हे खरेच. अमेरिकी दिग्दर्शक बिल मॉरिसनचा ‘डेकेशिया’ (2002) हा सिनेमा तशाच फिल्मचा आहे. पण ती संग्रहांत जपलेली होती, म्हणून त्याला निवडता आली.

खोलीत तापमान 15 अंशांखाली, आर्द्रता 30 ते 50 टक्के हवी. जनरेटर हवाच, पावसात लाईट किती वेळा जाते, हे आपण जाणता. थंड डबा बाहेर काढला की लगेच उघडू नये, दव धरते. दिवसभर बंदच ठेवावा.

हक्कांची अडचण उरते. चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षे. मालक सापडत नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 31अ खाली वापराचा परवाना मिळतो, पण आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मालवणच्या लग्नाच्या रिळाचा मालक ती कुठे वाचणार? मराठी दैनिकातही ती सक्तीची व्हावी, अशी शिफारस आपण केंद्राकडे करावी.

खोलीचे काम मेअखेर व्हावे. पागोळ्या लागल्यावर डबे उघडता येत नाहीत.

आपले,
रत्नागिरीतील काही चित्रकर्ते आणि रिळांची डागडुजी करणारे