बंड्या, काच फोडलीस ते बरोबरच होतं

बंड्या,

दोन वर्षं झाली तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत आणि फोनवर आपण "काय म्हणतोस, बरंय" च्या पुढे जात नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे मग पुढे वाच. इकडे सगळे ठीक. आप्पांचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर, झालं.

लिहायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी रात्री मी धाकट्याच्या हॉटेलचा पडदा सुरीनं फाडला. तो माझ्यावर ओरडत होता "दादा वेडा झालास का" आणि मला डोळ्यासमोर दिसत होतास तू, आपण खोली बंद करून शेगडी पेटवून झोपलो होतो त्या रात्री लोखंडी बादली घेऊन खिडकीवर धावणारा. हे मी बायकोलाही नीट सांगू शकलो नाही. जाड्या इथे असता तर त्याला सांगितलं असतं, पण त्याला तर त्या रात्रीचं काही आठवतच नाही, तो शेगडीच्या सगळ्यात जवळ झोपला होता ना.

तर झालं असं. धाकट्याच्या मागच्या अंगणातली टेबलं थंडीत रिकामी पडायची. मला म्हणाला दादा तू इंजिनियर, तूच हीटर बघून दे. आता इंजिनियर मी कसला ते तुला माहितीये, पण भावापुढे कोण कबूल करणार? मी बघितलं की छत्रीसारखा उभा गॅसचा हीटर १३ किलोवॅटचा येतो आणि भिंतीवर लावायचा विजेचा २ नाहीतर ३ किलोवॅटचा. तेरा मोठे की तीन? वायरिंग नको, हवा तिकडे ढकला. चार घेऊन दिले. तराजूवर जड भरला तो पैलवान भारी, असं माझं गणित.

पहिल्याच आठवड्यात कळलं की तेरातले निम्म्याहून अधिक वारा खातो. ज्योतीनं तापलेली हवा सरळ वर निघून जाते, खाली येते ती फक्त लालबुंद जाळीची आणि वरच्या ताटलीवरून परतलेली धग. तीनचार मीटरच्या घेरातले लोक खूश, पलीकडच्या टेबलावर मफलर. आणि एक छत्री तासाला जवळजवळ किलोभर गॅस पिते, म्हणजे चार छत्र्या पाच तास चालल्या की वीस किलो! वर जास्त थंडी असली की सिलेंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत मरगळते. सिलेंडरमधल्या मिश्रणातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबवतो, निव्वळ प्रोपेन असेल तर तो उणे ४२ पर्यंत वाफ होतो. सिलेंडरवर बर्फ धरलेला बघून वेटर पोरं फोटो काढत होती.

पण हा सगळा खर्चाचा भाग. शनिवारी वारा सुटला, भुरभुर पाऊस आला, गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून धाकट्यानं अंगणातल्या मांडवाचे प्लास्टिकचे पडदे चारही बाजूंनी सोडले. आत चार छत्र्या चालू. मी साडेनऊला गेलो तर आत छान ऊब, लोक हसतायत, मलाही क्षणभर वाटलं वा. मग एका पोराला बघितलं, खांबाला टेकून उभा, म्हणतो डोकं जड झालंय. एक बाई डोकेदुखीची गोळी मागत होती. आणि कोपऱ्यातल्या हीटरची ज्योत पिवळी, निळी नाही, पिवळी, म्हणजे गॅस नीट जळत नाहीये. बंड्या, माझ्या पोटात गोळा आला. पडद्याची दोरी अडकलेली, निघेना, मग किचनमधून सुरी आणली आणि वरपासून खालपर्यंत टराटरा.

त्या पोराला डॉक्टरकडे नेलं, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी बरा. बाकी कुणाला काही झालं नाही. पण झालं असतं. आणि ते हीटर मी निवडले होते. खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं की बंदिस्त जागेत लावू नका, मी तो कागद धाकट्याला न वाचताच दिला. चार पडदे पाडले की अंगणाची खोली होते एवढं साधं मला सुचू नये? गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळला तर कळावं म्हणून, पण अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही रंगही नाही आणि तो रक्तात प्राणवायूपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. हे सगळं तू त्या रात्री नंतर आम्हाला ओरडून सांगत होतास. आणि मी काय करत होतो, तर काचेचा दंड कोण भरणार यावर भांडत होतो! आठ दिवस बोललो नाही तुझ्याशी. वर तीन जणांत सांगत फिरलो की बंड्या घाबरट आहे, साधी डोकेदुखी आणि ह्यानं खिडकी फोडली.

असो. पिवळ्या ज्योतीच्या हीटरच्या बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं निघालं, पावसाळाभर कोपऱ्यात पडून होता ना.

आता मांडवाखाली विजेचेच घ्यायचं ठरतंय आणि इथे मला तू हवायस. विजेच्यात पण दोन जाती निघाल्या. एक तांबडा चमकणारा, बटण दाबलं की सेकंदात धग, वाऱ्यातही टिकतो, पण डोळ्यावर येतो आणि सगळी गिऱ्हाईकं भुतासारखी लाल दिसतात. दुसरा सिरॅमिकचा, काळा, उजेड शून्य, पण तापायला दहा मिनिटं आणि वारा लागला की ढेपाळतो. दोन्ही हवा तापवत नाहीत, माणूस तापवतात. हर्शलनं १८०० साली प्रिझमच्या तांबड्या पट्ट्याबाहेर थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, ते हेच इन्फ्रारेड. (आपला प्रिझम तू फोडला होतास. तुझा काचेशी दावाच आहे.) म्हणून किती उंचीवर आणि कुठे तोंड करून लावतो त्यावर सगळं अवलंबून, अंतर दुप्पट केलं तर ऊब साधारण चौथाईवर. धाकट्याला ते चार मीटरवर आढ्याला टांगायचेत, दिसायला छान दिसतात म्हणून. मी म्हटलं मग आढ्याला मफलर घाल.

माझा हिशोब असा: मांडवाखाली ३ किलोवॅटचे सहा, तांबडे, सव्वादोन ते अडीच मीटरवर तिरके, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी, कारण एकाच बाजूनं लावला की पाठ भाजते आणि पोट गारठतं. एकूण १८ किलोवॅट, थ्री फेजवर वाटले तर फेजला २६ अँपिअर. प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून आयपी (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) ५५, वायरमन म्हणतो ४४ चालेल, त्याला बाहेरच्या रांगेवर पाणी कसं येतं ते माहीत नाही. हे गणित तपास आणि शिव्यांसकट कळव, कारण या वेळी मला माझ्यावर भरवसा नाही. गॅसच्या छत्र्या उघड्या अंगणाच्या टोकाला राहतील, पाडल्या की आपोआप बंद होतात की नाही ते मी स्वतः पाडून बघितलंय, आणि तिथे पडदा लावायचा हूकच ठेवला नाही.

घरी आप्पांसाठी मात्र काळा सिरॅमिकचा घेतला. संध्याकाळी ते पडवीतच बसणार, आत या म्हटलं की रागावतात. तीन बाजूंनी भिंत आहे त्यामुळे वारा नाही आणि त्यांना डोळ्यावर उजेड चालत नाही. दीड किलोवॅटचा एकच, खुर्चीच्या वर. पहिल्या दिवशी म्हणाले हे काय थोतांड, चालूच नाहीये. दुसऱ्या दिवशी खुर्ची हातभर सरकलेली होती, बरोबर त्याच्या खाली. विचारलं तर म्हणाले झाडताना सरकली असेल.

तुझी बदली झाली का नक्की? वहिनींना नमस्कार, धाकटीच्या दहावीचं काय ते लिही, घर बदललंस तर पत्ता पाठव.

आणि धाकटा मला त्या फाडलेल्या पडद्याचं बिल देणार आहे, काल सरळ तोंडावर म्हणाला, फाडलास तू तर भर तू. मी मुकाट्यानं हो म्हटलं. आपल्या काचेचा दंड तू एकट्यानं भरला होतास ना? जाड्या म्हणतो मी माझा हिस्सा दिला होता, पण मला माहितीये मी दिला नव्हता.

तुझाच,
लंबू